खांब फुटल्यानंतर

२०२५ च्या श्रावणात, ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट प्रदर्शित होऊन थोडे दिवस झाले असता, तो मी तंजावरात, तमिळ भाषेत आणि दोन तंजावरी मराठी सोबत्यांच्या मध्ये बसून पाहिला. सोबत्यांपैकी एक माझे यजमान. पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात कारकून होते, स्वतः शिक्षकीतून निवृत्त झालेले, आणि घरात जी मराठी बोलतात तिला तमिळचा असा काही हेल आहे की प्रथम ऐकणाऱ्यास आपलीच भाषा आपणांस परकी झाल्याचा भास व्हावा. दुसरा त्यांचा अकरा वर्षांचा नातू. चित्रपट संपला, दिवे लागले, हात जोडून उभी राहिलेली मंडळी पादत्राणे शोधू लागली, आणि बाहेर पडता पडता यजमानांनी आपला अभिप्राय एका वाक्यात दिला : खांब फुटला तेव्हा मी घड्याळ पाहिले आणि दैत्य मेला तेव्हा पुन्हा पाहिले; मधल्या वेळात माझी संध्या यथासांग झाली असती. नातवाचे म्हणणे नेमके उलट. त्याच्या मते तेवढाच भाग बघण्यासारखा होता आणि तो फार लवकर संपला.

दोघांच्या तक्रारींचा निवाडा करण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या दिवशी तो मी टाळला. परंतु प्रश्न मनातून जाईना. अद्भुत कथेच्या अखेरीस जे अक्राळविक्राळ रूप प्रकट होते, त्याचा प्रसंग किती चालावा, याचे काही माप आहे काय? की ज्याला कंटाळा आला त्याला तो लांबला आणि ज्याला आला नाही त्याला तो आखूड, एवढ्यावरच या वादाची मिसल बंद करावी? माझ्या मते माप आहे. मात्र ते मिनिटांचे नाही. या कथेपुरते बोलावयाचे तर ते माप कथेतच, आणि तेही कायद्याच्या भाषेत, लिहून ठेवलेले आहे.

हिरण्यकशिपूने ब्रह्मदेवाकडून मिळविलेला वर हा मुळात एक दस्तऐवज आहे. मनुष्याकडून नाही, पशूकडून नाही. घरात नाही, घराबाहेर नाही. दिवसा नाही, रात्री नाही. भूमीवर नाही, आकाशात नाही. शस्त्राने नाही, अस्त्राने नाही. एकेक कलम वाचीत गेले म्हणजे या दैत्याच्या बळापेक्षा त्याच्या मसुदेगिरीबद्दलच आदर वाटू लागतो. सरस्वती महाल ग्रंथालयात तंजावरच्या मराठी दरबाराचे मोडी कागद आहेत. ते लिहिणाऱ्या कारकुनांपैकी कोणासही अशी सनद लिहून काढल्याचा अभिमान वाटला असता. आणि म्हणूनच नरसिंहाचे प्रकट होणे हा प्रथमतः पराक्रम नसून वाचन आहे : सनदेची कलमे ज्याने दैत्यापेक्षाही बारकाईने वाचली, असा एक वाचक खांबातून बाहेर येतो. कलमांच्या फटी त्याने हेरलेल्या असतात. नर आणि सिंह यांच्या मधला देह, घर आणि अंगण यांच्या मधला उंबरठा, भूमी आणि आकाश यांच्या मधली मांडी, शस्त्राच्या व्याख्येत न बसणारी नखे, आणि दिवस व रात्र यांच्या मधली संधिवेळा. या पाच गोष्टी एकत्र आल्या की निकाल लागला. निकाल लागून गेल्यानंतर वकिलांनी आणखी पाऊण तास युक्तिवाद करावा, तसे मला त्या चित्रपटातील द्वंद्व वाटले. युक्तिवाद कितीही आवेशाचा असो, हुकूमनाम्यावर शाई केव्हाच वाळलेली असते.

त्यातही संधिवेळेचे कलम मोठे अडचणीचे आहे. तंजावर विषुववृत्तापासून फार दूर नाही. येथे सूर्य तिरपा रेंगाळत नाही, सरळ खाली उतरतो, आणि मे महिन्यात साडेसहाच्या सुमारास तो बुडाला की वीस-बावीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. ज्या कथेत वध फक्त या वेळेतच कायदेशीर आहे, त्या कथेच्या दिग्दर्शकाने एक डोळा क्षितिजावर ठेवूनच मारामारी रचली पाहिजे. दोन घटकांचा मुहूर्त हिशेबात धरून त्याला फार तर ४८ मिनिटांपर्यंत सवलत देता येईल, हे मी यजमानांना सांगितले; ते म्हणाले, सवलत अर्ज करणाऱ्याला मिळते, याने अर्जच केलेला नाही. अर्थात विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतोच. अंधार पडण्याच्या आत हे झाले पाहिजे, अन्यथा दैत्य पुन्हा अवध्य, ही टांगती तलवार प्रसंगावर असती तर तीच मिनिटे आम्ही श्वास रोखून मोजली असती. मुदत हे लांबीचे औषध आहे. मुदतच विसरली गेली म्हणजे प्रहाराला प्रहार जोडण्यापलीकडे काही उरत नाही.

आता मूळ ग्रंथ काय करतो ते पाहू. भागवताच्या सातव्या स्कंधाच्या आठव्या अध्यायात खांब फुटतो, त्या रूपाचे वर्णन होते, आणि प्रत्यक्ष झुंज म्हणावी असा भाग जेमतेम आठ-दहा श्लोकांत आटोपतो. ग्रंथकार अरसिक होता म्हणून नव्हे. त्या एवढ्याशा जागेतही तो एक हुकमी कलाटणी साधतो : एकदा पकडीत आलेला दैत्य गरुडाच्या तावडीतून साप निसटावा तसा निसटतो, आणि ढगांआड लपून पाहणाऱ्या देवांच्या काळजात धस्स होते. नातवाच्या बाजूचा सर्वात बळकट पुरावा हाच. देवाला काहीच कष्ट न पडता जो मरतो तो प्रतिस्पर्धी कसला, हे त्या मुलाचे म्हणणे भागवतकारालाही मान्य आहे. म्हणूनच तो दैत्याला निसटू देतो. पण एकदाच. दुसऱ्यांदा निसटला असता तर देव धास्तावले असते की कंटाळले असते, हे सांगणे कठीण.

आणि मग जे येते ते खरोखर लांब आहे. दैत्य मेला, पण क्रोध मरत नाही. नरसिंह सिंहासनावर जाऊन बसतो आणि कोणाचीही जवळ जाण्याची छाती होत नाही. ब्रह्मा, रुद्र, इंद्र, ऋषी, पितर, सिद्ध, गंधर्व असे एकामागून एक दुरूनच स्तुती करून मागे सरतात. नवव्या अध्यायात लक्ष्मीलाच पुढे पाठवितात. हे रूप तिनेही पूर्वी पाहिलेले नसते, तीही थबकते. शेवटी प्रह्लादाला, म्हणजे नुकत्याच पोरक्या झालेल्या एका मुलाला, पुढे व्हावे लागते, आणि त्याची स्तुती चाळीसांहून अधिक श्लोक चालते. मारण्यास आठ-दहा श्लोक आणि शांत होण्यास दीड अध्याय, असा हा जमाखर्च आहे. भयंकराचे आगमन ही घटना नव्हे, आलेले भयंकर परत कसे पाठवावे ही घटना आहे, एवढे या प्रमाणावरून वाचकाने ओळखावे. आमच्या चित्रपटात हे प्रमाण उलटे झाले आहे, आणि माझी तक्रार एकंदर लांबीविषयी नसून या उलटापालटीविषयी आहे.

ही तक्रार नवी आहे अशा भ्रमात मी नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’च्या सातव्या उल्लासात रसाचे दोष सांगताना, गौण अंगाचा अतिविस्तार असा एक दोष नोंदविला आहे, आणि उदाहरण दिले आहे ते ‘हयग्रीववध’ या काव्यातील हयग्रीवाचे. हयग्रीव हा दैत्य, वध्य. काव्य त्याला मारणाऱ्याचे असावयास हवे. परंतु कवी दैत्याच्याच वर्णनात इतका रमला की तो सगळी जागा व्यापून बसला. गंमत अशी की मेंठ कवीचे ते काव्य आज लुप्त आहे. राक्षस नाहीसा झाला आणि राक्षस फार लांबल्याची फिर्याद तेवढी हजार वर्षे टिकून राहिली. त्याच्याही आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने परिपोष पावलेला रस पुन्हा पुन्हा चेतविण्यास रसविरोध म्हटले होते, आणि अशा रसाला वारंवार हाताळून कोमेजलेल्या फुलाची उपमा दिली होती. चित्रपटाच्या अखेरच्या भागात मला नेमके हेच जाणवले. पहिल्या गर्जनेने अंगावर शहारा आला. पाचव्या गर्जनेच्या वेळी मी ध्वनियोजनेचा विचार करीत होतो.

येथे मराठी वाचकाने एक कबुली दिली पाहिजे. असल्या प्रसंगांच्या लांबीवर नाक मुरडण्याचा अधिकार आपणांस कितपत आहे? १८४३ साली सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले आणि त्यानंतरच्या पौराणिक नाटकांत राक्षस म्हणजे केवढे प्रकरण झाले! राळेचा भडका, पडद्यामागची आरोळी, नंग्या तलवारी, आणि रंगभूमी दणाणून टाकणारा तो उड्यांचा धुमाकूळ, ज्यावरून पुढच्या पिढीने त्या नाटकांनाच ‘अलल्डुर्र’ असे हिणकस नाव दिले. त्यांना हसून आपण किर्लोस्करांच्या संगीत नाटकाकडे वळलो, आणि मग एकेका पदाला वन्समोअर देऊन नाटके पहाटेपर्यंत नेली. म्हणजे लांबीचा आपल्याला कधीच तिटकारा नव्हता. राक्षसाची लांबी नको होती, गवयाची हवी होती. तंजावरचे भोसले राजे या बाबतीत अधिक सुखी म्हणावयाचे. भाव्यांच्या दीडशे वर्षे आधी शाहराजाच्या दरबारात जी मराठी नाटके झाली त्यांत ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे अग्रगण्य, आणि कल्याण म्हणजे विवाह. लग्नात राक्षसाला फारसे काम नसते.

परंतु लांबीचा खरा कस पाहावयाचा तर तंजावरहून पाच-सहा कोसांवरच्या मेलट्टूर गावी गेले पाहिजे. नायक राजांपैकी अच्युतप्पाने ब्राह्मण कुटुंबांना घरे-जमिनी इनाम देऊन वसविलेले हे गाव. तेथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे मराठी अमलात, वेंकटराम शास्त्री नावाच्या कवीने भागवतमेळ्यासाठी तेलुगू भाषेत नाटके रचली, आणि त्यांपैकी ‘प्रह्लाद चरित्र’ वैशाखातील नरसिंहजयंतीस वरदराज पेरुमाळाच्या मंदिरासमोर आजही होते. राजे मराठी, कवीची भाषा तेलुगू, प्रेक्षक तमिळ, आणि कथा संस्कृत पुराणातली. पण समजण्याची अडचण कोणालाही नाही, कारण पुढे काय होणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. स्त्रीभूमिकांसह सर्व भूमिका गावातील ब्राह्मण पुरुषच करतात. प्रथम कोणंगी हा विदूषक नाचून जातो, मग मुखवटा घातलेला बालगणपती येतो, मग एकेक पात्र धरलेल्या पडद्याआडून प्रवेशाचे पद घेत येते. लीलावतीचा शोक, प्रह्लादाचे छळ, पित्याचा वाढत जाणारा संताप, हे सारे इतक्या सावकाशीने चालते की शहरी माणसाने मध्यरात्रीच्या सुमारास घड्याळ काढावे आणि आजूबाजूस पाहून ते ओशाळून परत ठेवावे.

नरसिंहाचा मुखवटा ही येथे नाटकाची सामग्री नव्हे. तो मंदिरात असतो आणि त्याची पूजा होते. तो धारण करणारा त्या दिवशी उपोषित राहतो. खांबातून त्याचे येणे होते तेव्हा रात्र बरीच सरलेली असते. मग हिरण्यकशिपू आणि नरसिंह समोरासमोर येतात, आणि जे सुरू होते त्याला युद्ध म्हणता येत नाही. दैत्य बोलतो, गातो, आव्हान देतो. मुखवट्याआडून हुंकार येतो, देह थरथरतो, पुढे झेपावतो. मुखवटा धारण करणाऱ्याच्या अंगात येते असे सारे मानतात, म्हणून त्याला मागून आवरून धरण्यास माणसे उभी असतात. झेप, आवर, उत्तर, प्रत्युत्तर, पुन्हा झेप. पोट फाडण्याचा देखावा नाही. रंगभूमीवर वध दाखवू नये हा नाट्यशास्त्राचा शिरस्ता येथे पाळला जातो. चित्रपटातले सबंध द्वंद्व ज्यात सहज मावेल एवढा वेळ ही नुसती समोरासमोर चालते, आणि माझ्या पाहण्यात तरी, ती लांबली असे म्हणणारा कोणी निघाला नाही.

असे का व्हावे? भक्तीमुळे, हे सोपे उत्तर झाले. पण चित्रपटगृहातही हात जोडलेले लोक मी पाहिले होते. मला वाटते कारण असे की मेलट्टुरास प्रत्येक झेपेबरोबर एक खरा प्रश्न उभा राहतो : आवरणाऱ्यांचे हात पुरतील काय? समोरचा दैत्य हा गावातलाच कोणी गृहस्थ असतो, आणि त्याच्या दिशेने येणारे ते रूप नाटकातले किती आणि नाटकाबाहेरचे किती, हे त्या गृहस्थालाही नक्की माहीत नसते. प्रहार झालेला नाही, तो होईल की काय हीच धास्ती आहे; आणि न झालेल्या प्रहाराची लांबी मनुष्य आपल्या भीतीने मोजतो, झालेल्या प्रहारांची मात्र संख्येने. चित्रपटातील दैत्य भिंतीवर आदळतो, उठतो. फेकला जातो, उठतो. त्याच्या उठण्याला काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणून त्याच्या पडण्यालाही किंमत उरत नाही.

मेलट्टूरच्या वेळेचीही एक खुबी आहे. कथेत वध सायंसंधेला होतो. परंपरेप्रमाणे रात्रभर चालणाऱ्या मेळ्यात तो प्रसंग पहाटेकडे, म्हणजे दुसऱ्या संधीकडे, सरकत जातो. नाटक दिवसाच्या चुकीच्या टोकाला पोहोचते, आणि तरीही सनदेचे कलम पाळले जाते : दिवस नाही, रात्र नाही. असे मुद्दाम कोणी योजले असेल असे मला म्हणावयाचे नाही. पण मंडपाबाहेर आकाश राखाडी होऊ लागलेले असताना ते दोघे समोरासमोर उभे आहेत, हे पाहणाऱ्याला मुदत आपोआप दिसते. ज्या टांगत्या तलवारीचा मी मघाशी उल्लेख केला ती येथे उगवतीला टांगलेली असते.

मेलट्टूर हे या जिल्ह्यातील एक टोक झाले. दुसरे टोक तिरुवैयारूस आहे, तेही तंजावरहून फार दूर नाही. वेंकटराम शास्त्र्यांना ज्येष्ठ समकालीन म्हणून पाहिलेला त्यागराज, १७६७ साली जन्मलेला आणि १८४७ साली तिरुवैयारूस समाधिस्थ झालेला, यानेही प्रह्लादावर तेलुगूत गेयनाटक रचले : ‘प्रह्लाद भक्तिविजय’. त्यात खांब नाही. नखे नाहीत. हिरण्यकशिपू हे पात्रच रंगभूमीवर येत नाही. नागपाशांनी बांधून समुद्रात टाकलेला प्रह्लाद, त्याला सोडविणारा समुद्रराज, त्याची हरीच्या दर्शनाची तळमळ, आणि शेवटी दर्शन. एवढाच त्याचा विषय. राक्षसप्रसंगाची लांबी किती असावी या प्रश्नाला त्यागराजाने दिलेले उत्तर ‘शून्य’ असे आहे. एकाच मुलखात, एकाच भाषेत, एकाच कथेला एकाने रात्र दिली आणि दुसऱ्याने क्षणही दिला नाही, आणि दोघेही पूर्ण वाटतात! त्याचे कारण दोघांनाही आपापल्या नाटकातला प्रश्न ठाऊक होता. शास्त्र्यांचा प्रश्न : हे भयंकर आवरणार कोण? त्यागराजाचा प्रश्न : तो मला भेटणार केव्हा? दुसऱ्या प्रश्नात सिंहाच्या मुखवट्याला जागा नाही, आणि त्यागराजाने ती लोकांच्या अपेक्षेखातर दिली नाही, याबद्दल त्याच्या निग्रहाचे मला नेहमी आश्चर्य वाटते. कोणत्याही कीर्तनकारास विचारावे. ‘या खांबात आहे काय तुझा हरी?’ हा सवाल टाकून झांजा थांबवून श्रोत्यांकडे पाहण्याचे सुख तो सहजासहजी सोडणार नाही; ते सोडण्यास त्यागराजच व्हावे लागते.

तिसराही एक मासला येथे आहे, आणि तो सांगितला नाही तर नातवावर अन्याय होईल. कुंभकोणमजवळ त्रिभुवनम् येथे तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने बांधलेले कंपहरेश्वराचे, म्हणजे कंप हरण करणाऱ्या शिवाचे, मंदिर आहे, आणि त्यात शरभेश्वराचे प्रख्यात स्थान आहे. शैव म्हणतात, नरसिंहाचा क्रोध प्रह्लादाच्या स्तुतीने शमला नाही. जग कापू लागले. तेव्हा शिवाने पक्षी, सिंह आणि मनुष्य यांच्या मिश्रणातून शरभ हे रूप घेतले आणि नरसिंहाला आवरले. वैष्णव हे कसे ऐकून घेतील? त्यांनी शरभाला आवरणारा दोन मुखांचा गंडभेरुंड पुढे केला. म्हणजे राक्षसाला मारण्यास आलेल्या रूपाला आवरण्यास दुसरे रूप, आणि त्याला आवरण्यास तिसरे. उत्तरार्धाचा उत्तरार्ध काढण्याची ही युक्ती आजच्या चित्रपटव्यवसायाने शोधली अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी त्रिभुवनमास एकवार जाऊन यावे. पण एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शरभकथेतही वाद मारामारीच्या मौजेचा नाही; क्रोध कोणाच्या हाती शमतो या हक्काचा आहे. भागवताने उघडा ठेवलेला प्रश्नच तिने, पंथाच्या अभिमानाने का होईना, पुढे चालविला. प्रश्न जिवंत असेल तर प्रसंग तिसऱ्या प्राण्यापर्यंतही ताणला जातो.

चित्रपट हे माध्यमच मुळात वेगळे, त्याला पुराणाची आणि मेळ्याची मापे लावू नयेत, असा आक्षेप येथे येईल. तो मला अर्धाच मान्य आहे. दादासाहेब फाळक्यांच्या १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये बाळकृष्णाचे काम त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने, केले, त्यातील सर्पयुद्ध पाहताना ध्यानात येते की फाळके पाण्याखाली एकसारखे राहत नाहीत. खाली झुंज चाललेली, वर तीरावर यशोदा आणि गोकुळची माणसे आक्रोश करीत असलेली. कॅमेरा खाली जातो, वर येतो, पुन्हा खाली जातो. वर आला की खाली काय झाले असेल हे प्रेक्षकाने आपल्या मनाने भरावयाचे. मूकपटाच्या त्या जमान्यात, नकली सर्पाच्या बळावर, फाळक्यांनी जे साधले ते भागवतातल्या ढगांआडच्या देवांचेच काम तीरावरच्या माणसांकडून करवून घेणे होय. पुढे १९७५ साली प्रदर्शित झालेल्या ‘जॉज’ चित्रपटाच्या चित्रीकरणात यांत्रिक मासा समुद्रात वारंवार बिघडू लागला, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्ग यांना तो फारसा न दाखविता भीती उभी करावी लागली, आणि चित्रपटाचे त्यामुळे कल्याणच झाले. आज यंत्र बिघडत नाही. संगणकावर काढलेला नरसिंह थकत नाही, त्याला कोणी मागून धरावे लागत नाही, आणि तो उपाशीही नसतो. कलेला पूर्वी जी मर्यादा सामग्री घालून देत असे, ती आता कलावंताने स्वतः होऊन घालून घ्यावी लागते. आणि स्वतःवर हुकूम बजावणे हे कोणालाही जड जाते, तर कोट्यवधींचा खर्च करून बसलेल्या निर्मात्याला ते किती जड जात असेल!

राहिला सर्वात अवघड आक्षेप, आणि तो माझे मीच घेतला. ती हात जोडलेली मंडळी चित्रपट पाहत होती काय? की दर्शन घेत होती? दर्शन असेल तर घड्याळ काढणारा समीक्षक देवळात चपला घालून शिरलेल्या माणसासारखा होय. मी यावर बराच विचार केला. तमिळ देवळांत देवाचा अलंकार चालू असताना गाभाऱ्यापुढे पडदा ओढलेला असतो. बाहेर लोक दाटीने, घामाने भिजून, कधी कधी तासभर उभे असतात. मग घंटा वाजू लागते, पडदा सरतो, दीपाराधनेचा उजेड मूर्तीवर फिरतो, आणि ती पहिली दृष्टादृष्ट होऊन जाते. त्या पडद्याला तमिळमध्ये ‘तिरै’ म्हणतात, आणि रुपेरी पडद्यालाही तोच शब्द आहे. दर्शनाची लांबी पडदा बंद असण्यात आहे. ज्या तिरैवर देव पाऊण तास सतत हलत राहतो, गर्जत राहतो, दर दोन निमिषांनी कोन बदलत राहतो, तेथे जोडलेले हात हे प्रेक्षकाने घरून आणलेले असतात. चित्रपटाने त्यांच्यासाठी स्थिर असे काही ठेवलेले नसते. हे मी यजमानांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘रायरे, हात कुठून आले ते कशाला पाहता, जोडले गेले ना?’ याला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते, आणि अद्याप नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही तिघे मोठ्या देवळात गेलो. राजराज चोळाने १०१० साली पुरे केलेल्या या मंदिराच्या आतल्या प्रदक्षिणामार्गात, नायककालीन चित्रांच्या थराखाली दडलेली चोळांची भित्तिचित्रे १९३१ साली गोविंदस्वामी यांनी उजेडात आणली; त्यांत रथावर उभ्या त्रिपुरांतकाचे एक भव्य चित्र आहे. सारथी ब्रह्मा, समोर असुरांची गर्दी, धनुष्य सज्ज, आणि बाण अजून सुटलेला नाही. ती कथाही अशीच कायदेशीर : तीन पुरे एका ओळीत येतील त्या एकाच क्षणी, एकाच बाणाने. सर्वांना ते आत जाऊन पाहता येत नाही, म्हणून मी त्याचे वर्णन नातवाला बाहेर अंगणात सांगितले, आणि विमानाच्या भिंतीवरच्या, वरल्या ओळीतील कोनाड्यांकडे बोट दाखविले. तेथे तोच त्रिपुरांतक, तसाच धनुष्य धरलेला, एका कोनाड्यात, पुढच्या कोनाड्यात, त्याच्या पुढच्याही कोनाड्यात, तिन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा कोरलेला आहे. आनंदवर्धनाने पाहिले असते तर काय म्हटले असते, असे मी मनात म्हणत होतो, तोच मुलगा मोजायला लागलेला दिसला. मोजता मोजता तो कोपऱ्याआड गेला, बऱ्याच वेळाने दुसऱ्या बाजूने उगवला, मध्येच आकडा चुकला म्हणून हात झटकले आणि पहिल्या कोनाड्यापासून पुन्हा सुरुवात केली. यजमान पश्चिमेकडे पाहून अस्वस्थ होऊ लागले. संध्येची वेळ टळत होती. त्यांनी दोनदा हाक मारली. तिसऱ्या फेरीला निघालेल्या त्या मुलाने मागे न पाहताच हाताने थांबण्याची खूण केली, आणि आम्ही दोघे दगडी फरशीवर, दिवसाची ऊब अजून तिच्यात होती तोवर, बसून राहिलो.